कोरड्या लाकडाचा वर्षावास

१० जुलै २०२५, सायंकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. आषाढी पौर्णिमा. विहाराच्या मागच्या पत्र्याखाली मी उभी आहे आणि माझ्या हातात दोन सुयांचे ओलावामापक आहे. या सुया लाकडात रुतवल्या की छोट्या पडद्यावर आकडा उमटतो : लाकडात पाणी किती टक्के. समोर या हंगामाचे पहिले ओंडके येऊन पडले आहेत. त्यांच्या सालीला पावसात भिजलेल्या बाभळीचा तो उग्र, तुरट वास आहे. आत मेणबत्त्या लागल्या आहेत, शोभावहिनी माईकवर फुंकर मारून पाहत आहेत आणि त्या फुंकरीला कोणाचे तरी लहान मूल हसते आहे. मी सुया ओंडक्याजवळ नेते आणि पुन्हा मागे घेते. उपकरणात बिघाड नाही. हातात आहे.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबणे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी फिरायचे नाही. उगवत्या गवतावर आणि त्यातल्या जिवांवर पाय पडू नये, असे त्यामागचे जुने कारण. आमच्याकडच्या गावांत भिक्खू क्वचितच येतात. मग वस्तीतली माणसेच संध्याकाळी विहारात जमतात, कोणीतरी धम्मग्रंथाचे एक प्रकरण वाचते, बाकीचे ऐकतात, आणि शेवटच्या दिवशी खीर होते. थांबणे हा या ऋतूचा नियम आहे. माझ्या स्वभावात नेमके तेवढेच नाही. कृषी अभियांत्रिकी शिकताना मी धान्य कसे वाळवावे आणि कसे साठवावे या विषयात रमले, ते बहुधा तिथे सतत काहीतरी मोजता येते म्हणून. मागच्या वर्षी मंडळाने मला या गावात वर्षावासभर राहायला सांगितले, तेव्हाही मी स्कूटीवरून आज पेडगाव, उद्या देवगाव फाटा, परवा राणीसावरगाव अशी धावतच होते. काळ्या मातीचा चिखल चाकात इतका भरायचा की काडीने तो उकरत मी रस्त्याच्या कडेला उभी असायचे आणि मनात पुढच्या गावाचा आराखडा चालू असायचा.

मंडळ म्हणजे परभणीतल्या शिक्षक, कारकून, परिचारिका, अभियंते अशा बौद्ध नोकरदारांनी चालवलेली लहानशी संस्था. कोणी अभ्यासिका सांभाळते, कोणी दवाखान्याच्या फेऱ्या करते. जातीमुळे ज्याच्या वाट्याला जे येत नाही ते शोधावे आणि गाजावाजा न करता उभे करावे, एवढीच कामाची पद्धत. या गावाच्या वाट्याला काय येत नव्हते ते सांगायला मला अजूनही थोडे थांबावे लागते. या वस्तीला पावसाळ्यात नीट जळता येत नव्हते.

गावाचे नाव लिहीत नाही. अशी गावे नावाने वेगळी होत नाहीत. गावाच्या पश्चिमेला स्मशानभूमी आहे, तिथे सरकारी खर्चाने बांधलेली, पत्र्याच्या छताची दहनशेड आहे. वस्तीची माणसे मात्र ओढ्याच्या काठावर, उघड्यावर जाळली जात. शेडमध्ये येऊ नका, असे कोणी कधी म्हटले नव्हते. अंजनाबाई वारल्या तेव्हा वस्तीने पहिल्यांदा विचारले, आणि ग्रामपंचायतीत वजन असलेल्या गोविंदरावांनी शांतपणे उत्तर दिले होते, ‘‘जागा ओली हाय. उद्या बघू.’’ तो उद्या अजून उजाडलेला नाही.

अंजनाबाई या गंगारामआबांच्या पत्नी आणि शोभावहिनींच्या सासू. मी इथे येण्याच्या आदल्या वर्षी, श्रावणात गेल्या. ओढ्याकाठी चौघांनी सरणावर पत्रे धरले होते, डिझेल ओतले होते, सायकलचे जुने टायर घातले होते. मी त्या दिवशी तिथे नव्हते. पण आबांनी मला ते एका वाक्यात सांगितले आणि त्यानंतर त्या विषयावर मला दुसरे काही वाचावे लागले नाही.

‘‘ती जळली न्हाई गं पोरी. शिजली.’’

मग थोड्या वेळाने, बिडी ओढल्यासारखी बोटे ओठांशी नेत, बिडी नसताना, ‘‘मला तसं न्हाई जायचं. बाकी कशाचं भ्या न्हाई मला.’’

आबांनीच मंडळाला सुचवले : विहाराच्या मागे जागा आहे, तिथे कोरडी लाकडे ठेवा. सुचवणे त्यांचे, रचना माझी. कांदाचाळ असते तशी जमिनीपासून उचललेली फळ्यांची जमीन, दोन्ही बाजूंनी खेळती हवा, वरून खाली झुकलेला पत्रा. मी परसात लाकडाचे तुकडे जाळून पाहिले आणि माझ्यापुरती मर्यादा ठरवली : ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर नुसत्या तुराट्या-पऱ्हाट्यांवर, तुरीच्या आणि कापसाच्या वाळल्या काड्यांवर, सरण पेटते, डिझेल लागत नाही. वीस. त्या पावसाळ्यात या आकड्याइतके मी कशालाच मानले नाही. कोठार कोणत्याही जातीच्या मृतासाठी खुले राहील हे मंडळाने आधीच ठरवले होते, आणि लाकूड कसे जमवायचे याचीही एक सुंदर कल्पना मंडळाला सुचली होती : वर्षावासात वाचनाला येताना प्रत्येक घराने फुलाऐवजी एक लाकूड आणावे. मलाही ती कल्पना अतिशय आवडली. दहा गावांत हेच करायचे, त्यावर निबंध लिहायचा, तो घेऊन पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायचे. माझ्या डोक्यात हे सगळे आषाढातच मांडून झाले होते.

पहिल्या आठवड्यात विहार भरला. दुसऱ्यात अर्धा झाला. तिसऱ्यात शोभावहिनी ग्रंथ वाचत आणि समोर चार म्हाताऱ्या, एक पोर आणि मी. कारणे विचारली तर ती चोख होती. खुरपणी चालली आहे. गुडघे दुखतात. लाईट जाते. मी प्रत्येक कारण तपासले. लाईट जात नव्हती. खुरपणी दिवस मावळायच्या आत संपत होती. मग मला वाटले, सरणाच्या लाकडाशेजारी बसायला लोक भीत असतील आणि अपशकुन मानत नाही असे जाहीरपणे सांगितलेली माणसे ती भीती कबूल कशी करणार? हे अनुमान मला फार हुशारीचे वाटले. ते घेऊन मी आबांकडे गेले.

आबा विहाराला लागून असलेल्या घराच्या ओसरीवर बाजेवर पडलेले असत. कापसाच्या जिनिंगमध्ये चाळीस हंगाम सरकीची धूळ खाल्लेली फुप्फुसे. दोन वाक्यांत एकदा थांबून श्वास गोळा करावा लागे. त्यांनी माझे अनुमान नीट ऐकून घेतले आणि हसले, मग खोकला लागला, मग खोकल्यातूनच बोलले.

‘‘अपशकुन? बावीसच्या बावीस प्रतिज्ञा पाठ हायत लोकायला. मढ्याला कोण भेतंय?’’

‘‘मग येत का नाहीत?’’

‘‘येतेत की. घरात बसून ऐकतेत. भोंगा कशाला लावलाय?’’

आतून शोभावहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत आणि त्यांना गोल बोलता येत नाही.

‘‘मी सांगते म्याडम. ह्यायच्या वडलांसारख्यांनी मोळी टाकून दिली म्हणून तुमी शिकल्या. आन् आता तुमीच शिकून येऊन म्हणायलाव, उचला मोळी.’’

मग मला ते सगळे सांगण्यात आले, तुकड्यातुकड्यांनी, चहा उकळत असताना. पूर्वी गावात कोणाच्याही घरी माणूस गेले की वस्तीवर हाक यायची : लाकडे टाका. ते या लोकांचे कामच होते. पाहुण्यांच्या गावी मरणाची खबर चालत पोचवायची, आणि सरणाची लाकडे, गोवऱ्या डोक्यावरून वाहून स्मशानात टाकायच्या. टाकून झाले की दूर उभे राहायचे. बदल्यात मढ्यावरचे कापड. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. वडिलांच्या मागे गोवऱ्यांची पाटी घेऊन चालायचे.

‘‘आमच्या हातचं पाणी चालत न्हवतं त्यायला,’’ आबा म्हणाले. ‘‘पन गोवरी चालायची. आमच्या हातची हाय म्हणून एक बी गोवरी पेटायची थांबली न्हाई कधी.’’

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वडिलांनी मोळी चावडीसमोर उतरवली आणि ते रिकाम्या हातांनी घरी आले. ‘‘आई म्हणली, हात लय हलके दिसायलेत आज.’’

चहा झाला होता. मी तो प्यायले असणार, पण त्याची चव मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की समोरच्या भिंतीला टेकून एक लाकूड उभे होते, आठवडाभर आधी कोणीतरी आणलेले आणि विहारापर्यंत न पोचलेले, आणि त्या लाकडाकडे मी प्रथमच केवळ लाकूड म्हणून पाहू शकले नाही. करुणा सर्वांसाठी खुली असावी, हे आमच्या मंडळाचे तत्त्व. त्या तत्त्वाला आम्ही इतक्या सरळ रेषेत चालवले होते की ते थेट जुन्या चाकरीच्या दारात जाऊन उभे राहिले. ज्यांच्या घराण्यात हे काम कधी करावेच लागले नाही त्यांच्या हातून अशी चूक झाली नसती, आणि ज्यांना ते आठवत होते त्यांच्याही हातून नाही. ती फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते : ज्यांच्या आजोबांनी मोळी टाकली आणि ज्यांना ती कशी दिसत होती हे कोणी सांगितले नाही.

त्या रविवारी वाचनानंतर विहारात बैठक झाली. नियम ठरवायचे होते. मी एक मसुदा केला होता : कोठारातील लाकूड गरजू कुटुंबास विनामूल्य दिले जाईल, तथापि ते पोचवले जाणार नाही, संबंधितांनी स्वतः उपस्थित राहून… आबा बाजेसकट आत आणले गेले होते.

‘‘एवढं लांबण कशाला?’’ ते म्हणाले. ‘‘या. उचला. न्या. बास.’’

पहिले तीन शब्द निळ्या रंगात भिंतीवर लिहिले गेले. लाकूड आणण्याचाही नियम झाला : डोक्यावरून आणायचे नाही. सायकलला बांधा, मोटारसायकलवर घाला, बैलगाडीत टाका. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीची कचऱ्याची ढकलगाडी मागून दोन बायांनी तीतून ओंडके आणले आणि एक म्हणाली, ‘‘माझ्या सासूच्या डोक्याला न्हवती बाई असली गाडी.’’ विहार पुन्हा भरू लागला. माझ्या तपासणीत जे दोन आठवडे सापडले नव्हते ते एका वाक्याने जागेवर आले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी लगेच विचार केला की हा नियम बाकीच्या नऊ गावांतही लावता येईल. थांबायला मला तेव्हाही सुचले नाही.

त्या श्रावणातल्या संध्याकाळी मला क्रमाने आठवत नाहीत. पाकोळ्यांनी झाकलेला बल्ब आठवतो. पत्र्यावर पाऊस वाढला की वहिनींचा वाचणारा आवाज वाढायचा, आणि पाऊस एकदम थांबला की एखादे शांततेचे वचन त्या ओरडून वाचत असायच्या आणि सगळे हसायचे. सोयाबीनच्या रानातून येणारी गार, हिरवी दमट हवा. माझ्यासाठी ती ओलाव्याची समस्या होती. वाचन सुरू होण्याआधी मी दोन उपकरणे घेऊन निघे. एक आबांच्या बोटाला लावायचे, रक्तातला प्राणवायू सांगणारे. दुसरे ओंडक्यांना.

‘‘किती?’’ आबा विचारायचे. बोटाबद्दल कधीच नाही. लाकडाबद्दल.

‘‘बावीस.’’

‘‘आन् हितलं?’’ मग बोट वर.

‘‘नव्वद.’’

‘‘एक उतरला पायजे, एक चढला पायजे. तुझं गणित लय अवघड हाय पोरी.’’

एकदा त्यांनी दोन लाकडे मागवून घेतली, एकमेकांवर वाजवली आणि कान लावून सांगितले, ‘‘ठणठणीत. वाळलंय.’’ मी सुया लावल्या. सत्तावीस. त्यांनी उपकरण हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. ‘‘तुझं यंत्र वलं झालंय,’’ म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की वहिनींना पाठ चोळावी लागली.

भाद्रपदात झड लागली. दिवसाचा आणि संध्याकाळचा उजेड सारखाच. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली. मूग शेंगेतच मोडावलेला. तोवर कोठारात एका सरणापुरते लाकूड वीसच्या खाली आले होते. उरलेले ओले होते. आणि आबांचा आकडा सत्त्याऐंशीवर आला होता. परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा ठेवून घेतले होते, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सही करून घर गाठले होते. आता पुलामुळे नेताही येत नव्हते. मी काही बोलत नव्हते, पण कोठाराकडे पाहताना माझ्या मनात ते लाकूड कोणाचे होते हे मला माहीत होते. वस्तीतल्या सगळ्यांनाच माहीत होते.

दुपारी वहिनींचा फोन वाजला. गोविंदराव. आई गेली. शहराकडून लाकूड येण्याची वाट बंद, गावातले सगळे भिजलेले. वहिनींनी फोन आबांच्या उशाशी ठेवला, आवाज मोठा करून.

‘‘तुमच्याकडं कोरडं लाकूड हाय म्हणं. कोणालाबी चालतंय म्हणं. तर जरा पाठवून द्या शोभाबाई.’’

आबांनी डोळे उघडले.

‘‘पाठवायचं बंद हाय म्हणाव. लय वर्षं झाली बंद होऊन. भितीवर काय लिवलंय तेवढं वाचून दाखव त्यायला.’’

वहिनींनी ग्रंथ वाचतात तशाच स्पष्ट उच्चारांत वाचले. या. उचला. न्या. पलीकडून फोन बंद झाला.

मी बाजेपाशी बसले. ‘‘आबा, लाकूड एकालाच पुरेल एवढं आहे.’’

‘‘मग? म्हातारी एकच मेलीय की. दोन मेल्यात का?’’

‘‘अर्धं देऊ. अर्ध्यात ओलं मिसळता येईल, डिझेल घालून…’’ मी भराभर बोलत होते. प्रमाण, वजन, जाडी सांगत होते. माझ्याजवळ पर्याय नेहमी असतात.

‘‘अर्धं दिलं तर ती बी शिजंल आन् मी बी,’’ आबा म्हणाले. ‘‘दे सगळं.’’

ते आले. गोविंदराव आणि त्यांचे दोन पुतणे, डोक्यावर पोत्यांच्या खोळी. ट्रॅक्टर सडकेवरच थांबला होता; वस्तीच्या गल्लीतल्या चिखलात तो रुतला असता. कोठाराची वाट विहाराच्या अंगणातून जाते. पायरीशी तिघे थबकले. मग गोविंदरावांनी चपला काढल्या, पुतण्यांनीही काढल्या. वस्ती दारादारांत उभी होती. कोणी हसले नाही. कोणी मदतीलाही गेले नाही. पावसात विहारापासून सडकेपर्यंत तिघांच्या खेपा सुरू झाल्या. दुसऱ्या खेपेला गोविंदरावांचा पाय घसरला, ओंडका खांद्यावरून सरकून दंडाला खरचटत खाली आला. पन्नाशी ओलांडलेला, आई गेलेला माणूस चिखलात वाकून ओंडका पुन्हा उचलू पाहत होता.

वहिनी घरात गेल्या. जुन्या लुगड्याची चुंबळ घेऊन आल्या. डोक्यावर ओझे घेताना त्याच्याखाली ठेवतात ते कापडाचे वेटोळे. त्यांनी ती पुढे केली.

‘‘खांदा सोलंल काका. डोक्यावर घ्या. वझं डोक्यावर नीट बसतंय.’’

ती दया होती की टोमणा, हे मी वहिनींना नंतर दोनदा विचारले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, ‘‘खांदा सोलत होता की वो.’’ दुसऱ्यांदा नुसत्याच हसल्या. मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवता न येणाऱ्या गोष्टी मला फार अस्वस्थ करतात. गोविंदरावांनी क्षणभर त्या चुंबळीकडे पाहिले आणि ती डोक्यावर ठेवली. पुढच्या सगळ्या खेपा त्यांनी तशाच केल्या. ओसरीवरून आबा पाहत होते.

‘‘चाल बापावानीच हाय,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘पन बापाला कधी वझं घेऊन चालताना बघितलं न्हवतं.’’

संध्याकाळी मोकळ्या फळ्यांवर फक्त सालीचा भुगा राहिला होता. पावसातही पश्चिमेकडे शेडमधून सरळ, पांढरट धूर वर जाताना दिसत होता. सरण चांगले पेटले होते. त्या धुराकडे पाहताना मला समाधान वाटायला हवे होते. रचना यशस्वी ठरली होती. मला फक्त रिकाम्या फळ्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी न सांगता लाकूड येऊ लागले. कोणी गोठ्याचा आडवा वासा काढला, कोणी खाटेचे माचवे, कोणी नुकतीच तोडलेली बाभळीची फांदी. सगळे भिजलेले. पहिला आकडा अडतीस आला. मी सांगितले, मनगटाएवढी जाडी हवी. कुऱ्हाडींचे आवाज दिवसभर चालले. वहिनींनी विहारातला उभा पंखा उचलून कोठारापुढे लावला. कोणी म्हणाले, वाचनाला बसणाऱ्यांनी काय करायचे? ‘‘घाम पुसायचा,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘बुद्धाला उकडत न्हाई.’’ त्या पंधरवड्यात सगळी वस्ती घामाने निथळत ग्रंथ ऐकत होती आणि पंख्याचा वारा लाकडांना मिळत होता.

मी कुठेच गेले नाही. हे मला मागाहून लक्षात आले. स्कूटीवर चिखल वाळून पांढरा झाला. परदेशातल्या एका विद्यापीठाची मुलाखत मी विहाराच्या पायरीवर बसून, फोन लिंबाच्या फांदीकडे उंच धरून दिली. मागे कुऱ्हाड चालू होती आणि पलीकडच्या प्राध्यापकांनी विचारले की हा आवाज कसला आहे. मी म्हणाले, प्रयोग चालू आहे.

एकतीस. अठ्ठावीस. पंचवीस. आणि बोटावर पंच्याऐंशी, त्र्याऐंशी. दोन्ही आकडे उतरत होते. एक लवकर उतरावा आणि दुसरा मुळीच उतरू नये, अशी इच्छा धरून मी रोज दोन्हींकडे पाहत होते, आणि दोन्ही माझ्या इच्छेशी काही देणेघेणे न ठेवता आपापल्या गतीने चालले होते. आबांचे विचारणे सुटले नाही. बोलायला श्वास पुरेना तेव्हा नुसती भुवई वर करायचे. किती? मी एकदाही कमी करून सांगितले नाही. चोवीस. तेवीस. मग ते डोळे मिटत.

मध्येच एका सकाळी विहाराच्या फाटकाला ती चुंबळ बांधलेली सापडली. धुतलेली, वाळलेली, घडी नीट. सोबत काही नाही. एक काटकीसुद्धा नाही. वहिनींनी ती सोडवून घेतली. ‘‘लाकूड न्हाई आलं, पन चुंबळ आली,’’ म्हणाल्या, आणि खुंटीला अडकवून कामाला लागल्या. एवढ्या दमट हवेत ते कापड कोणीतरी चुलीजवळ धरून वाळवले असणार, हा विचार माझ्या मनात आला आणि गेला. त्याचे काय करायचे, हे मला कळले नाही.

आबा पहाटे गेले. त्यांचा मुलगा, वहिनींचा नवरा सिद्धार्थ पुण्याहून दुपारपर्यंत पोचला; पूल तोवर मोकळा झाला होता. पाऊस थांबला होता, आभाळ मात्र खालीच होते. सिद्धार्थने येताना डिझेलचा कॅन आणला होता. आईच्या वेळचे त्याला आठवत होते. त्याने तो बाभळीच्या आड, कोणाला दिसणार नाही असा ठेवला. मला दिसला.

ओढ्याकाठी सरण रचले जात असताना गोविंदराव आले. एकटेच. लांब उभे राहिले नाहीत. जवळ आले आणि वहिनींना म्हणाले, ‘‘शेडमधी न्या की. मी बोलतो सगळ्यायला.’’

वहिनींनी सरणाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

‘‘आता लाकूड वाळलंय काका. आता शेड कशाला?’’

उत्तर म्हणून ते मला तेव्हा अतिशय आवडले. निष्कर्ष म्हणून ते मला अजून पटलेले नाही. शेड सगळ्यांच्या पैशांची आहे, ती सगळ्यांची व्हायला हवी, आणि ती सोडून देणे जसे बरोबर नाही, तसे एका माणसाने एका दिवशी दिलेल्या हाकेवर तिथे जाणेही बरोबर नव्हते. या वाक्याभोवती मी वर्षभर फिरते आहे. ग्रामपंचायतीत आमचा अर्ज पडून आहे. या वर्षावासात वहिनी दर बैठकीला जाऊन तो विचारणार आहेत. मी पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर जाईन. हे उपकरणही आता त्यांच्याकडेच राहील. मघाशी त्यांनी माईकवरूनच विचारले, ‘‘म्याडम, सुया लावायच्या का बघत बसायचं?’’ आणि विहार हसला. मी लावीन. या वर्षीच्या लाकडाचा पहिला आकडा मोठा येणार, हे मला न मोजताही माहीत आहे. फक्त तो उमटण्याआधी या कोठारातली माझी अखेरची नोंद एकदा आठवून घ्यायची होती.

सरण रचून झाले होते. खालच्या थरात तुराट्या खळखळत होत्या. सिद्धार्थच्या हातात पलिता होता, आणि बाभळीआडचा तो कॅन जसा आला तसाच भरलेला पुढे घरी परत गेला. पण त्या क्षणी हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी पुढे झाले. कोणी मला अडवले नाही. पंधरवडाभर सगळ्यांनी मला हेच करताना पाहिले होते. आबांच्या छातीशी आलेल्या, त्यातल्या त्यात जाड लाकडात मी सुया रुतवल्या आणि पडदा स्थिर होण्याची वाट पाहिली. भुवई वर झाली नाही. तरी मी नेहमीसारखे वाकून, त्यांच्या कानाशी, ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगितले :

‘‘आबा, एकोणीस पूर्णांक सहा.’’